पोलरॉइड उन्हाळ्यात केशरी, थंडीत निळा आणि साय काढताना हमखास फाटतो: काय करायचं?

लग्नसराई सुरू झाली की ओळखीतल्या कुणा ना कुणा पोलरॉइडवाल्याचा (फोटो काढताच तो कागदावर बाहेर देणारा कॅमेरा) फोन येतोच. "कॅमेरा बिघडला गं बहुतेक. सगळे फोटो केशरी येतायत." मी आधी विचारते, "आहेस कुठं?" उत्तर नागपूर, अकोला किंवा जळगाव असलं तर कॅमेरा दुरुस्तीला न्यायची गरज नाही हे फोनवरच सांगून टाकते. डिसेंबरात हाच फोन नाशिकहून येतो. तेव्हा फोटो निळे आलेले असतात.

मीही असंच पैसे घालवून शिकले. मामेबहिणीच्या लग्नाला मे महिन्यात नागपूरला गेले होते. हळदीच्या मांडवात उभी राहून आठ फोटो काढले, म्हणजे अख्खं पाकीट संपवलं. आठही फोटोंत नवरीच काय, मागचा पांढरा पडदासुद्धा हळद लावल्यासारखा. मामी म्हणाली, "बरंय की, कार्यक्रम हळदीचाच आहे." मी मनात हिशेब करत होते. पोलरॉइडच्या एका फोटोच्या पैशात बऱ्यापैकी हॉटेलात एक थाळी येते. आठ थाळ्या गेल्या.

मग वाचून, विचारून आणि आणखी बऱ्याच थाळ्या घालवून जे कळलं ते इथं लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या मे महिन्यात नुसतं हेच पाठवून देता येईल.

रंग बिघडतो तो कॅमेऱ्याबाहेर

फोटो कॅमेऱ्यातून बाहेर येतो तेव्हा हाताला कोरडा, गुळगुळीत लागतो. त्यामुळे वाटतं, झालं काम. खरं तर तेव्हा आत स्वयंपाक नुकताच चढलेला असतो. फोटोच्या खालच्या रुंद पांढऱ्या पट्टीत रसायनाच्या चिमुकल्या पुड्या असतात. बाहेर येताना फोटो दोन रोलरमधून पिळला जातो, पुड्या फुटतात आणि ती दाट अल्कली पेस्ट थरांच्या मध्ये पसरते. निळा, हिरवा आणि लाल प्रकाश टिपणारे तीन थर असतात आणि प्रत्येकाच्या जोडीला एकेक रंग: पिवळा, किरमिजी, मोरपंखी. जिथं प्रकाश पडला तिथला रंग जागच्या जागी अडकतो. जिथं पडला नाही तिथला सुटतो आणि वरच्या थराकडे सरकत जातो. आपल्याला दिसतं ते चित्र म्हणजे वरपर्यंत पोचलेले रंग. ठरावीक वेळानं आतला एक आम्लाचा थर पेस्टचा जोर मारतो आणि गॅस बंद होतो.

आता ही सगळी सरकासरकी गरमीत भराभर होणार आणि थंडीत रेंगाळणार, हे उघड आहे. कंपनी १३ ते २८ अंश सेल्सिअस तापमान सांगते. त्याच्या खाली फोटो फिका आणि निळसर, वर गेला की पिवळट-तांबूस. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा नवरी पिवळी झाली यात कॅमेऱ्याचा काय दोष?

त्यामुळे उपायही कॅमेऱ्याबाहेरचाच. उन्हाळ्यात मी जेवणाच्या डब्याची जाड पिशवी सोबत ठेवते. तिच्यात फ्रिजमधली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून, आणि शेजारी बिस्किटाच्या खोक्याचे दोन पुठ्ठे. फोटो निघाला की पुठ्ठ्यांच्या मध्ये, तोंड खाली करून, पिशवीत. रंगीत फोटोला १५ मिनिटं लागतात, तोवर उघडून बघायचं नाही. फोटो बाटलीला थेट टेकवायचा नाही, नाहीतर एक कोपरा महाबळेश्वर आणि दुसरा चंद्रपूर. एसीची खोली जवळ असेल तर हा सगळा उपद्व्याप करूच नका, फोटो घेऊन सरळ आत जा. थंडीत उलटं करायचं: स्वेटरच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. नाशिकच्या पहाटे काढलेले माझे बरे फोटो सगळे खिशात पिकलेले आहेत.

पाकीट न फोडता फ्रिजमध्ये ठेवा, भाजीच्या ट्रेमध्ये चालतं. फ्रीझरमध्ये मात्र कधीच नाही. आतली पेस्ट गोठली की पाकीट संपलं म्हणून समजा. वापरायच्या तासभर आधी बाहेर काढून बंदच ठेवा. गार पाकीट दमट हवेत फोडलं तर आत पाणी धरतं. आणि मे महिन्यातल्या लग्नासाठी फिल्म जानेवारी-फेब्रुवारीतच मागवा. मेमध्ये मागवलेलं पाकीट टेम्पोत शिजून तुमच्या दारी येतं. मग तुम्ही कितीही पुठ्ठे घाला.

फिल्म इतकी हळवी का, त्याला इतिहासही आहे. पोलरॉइडचे संस्थापक एडविन लँड यांनी १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये झटपट फोटोचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि पुढच्या वर्षी बोस्टनच्या दुकानात पहिला कॅमेरा विकायला आला. नंतर साठ वर्षं ती रेसिपी घासूनपुसून पक्की होत गेली. २००८ मध्ये पोलरॉइडनं झटपट फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं. काही हौशी मंडळींनी नेदरलँड्समधल्या एन्स्केडे इथल्या कारखान्याची यंत्रं घेतली आणि स्वतःचं नाव ठेवलं 'इम्पॉसिबल प्रोजेक्ट'. यंत्रं मिळाली, पण जुन्या रेसिपीतली बरीचशी रसायनं बनायचीच थांबली होती. आजीच्या लोणच्याची वही हातात आहे आणि मसाला देणारं दुकानच उठून गेलंय, अशी गत. त्यांनी नव्यानं मांडामांड केली आणि २०१० मध्ये कृष्णधवल फिल्म आणली. पहिल्या फिल्मचे फोटो नीट वाळवले नाहीत तर आत तपकिरी-सोनेरी नक्षी पसरत जायची आणि काही महिन्यांत चेहरा गिळून टाकायची. लोक तिला 'किलर क्रिस्टल' म्हणायचे. काही जण फोटो सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात बंद करायचे, तर काही जण मुद्दाम तसेच ठेवायचे, नक्षी कुठवर जाते ते बघायला. मी दुसऱ्या गटातली आहे हे पुढं कळेलच.

आजची फिल्म त्या मानानं पुष्कळ शहाणी आहे. तरी बाहेर आल्या आल्या पहिली काही सेकंदं उजेडाला घाबरते. नव्या कॅमेऱ्यांत फोटोवर एक काळी जीभ आपोआप पसरते. चार-पाच सेकंद फोटो तिच्याखालीच राहू द्या, मग सावलीत काढा. जुन्या कॅमेऱ्याला ती जीभ नसते, तिथं हाताची ओंजळ करा.

फुटकळ तक्रारी, पटापट

फोटो हलवायचा नाही. आमचे एक काका अजून प्रत्येक फोटो खारे दाणे पाखडावेत तसा हलवतात. जुन्या सालपट-सोलायच्या (वरचा कागद हातानं सोलून काढावा लागायचा अशा) फोटोंचा पृष्ठभाग ओलसर असायचा, तेव्हाची ती सवय. आताचा फोटो प्लास्टिकच्या आत सीलबंद असतो. हलवून वाळत नाही, झाले तर थर सुटतात.

प्रत्येक फोटोवर सारख्याच अंतरावर ठिपके येत असतील तर रोलरवर वाळलेली पेस्ट चिकटली आहे. चष्म्याचं फडकं किंचित ओलं करून, रोलर बोटानं फिरवत पुसा. हे काम दर पाकिटामागे एकदा करा.

नवं पाकीट घातल्यावर पहिलं काळंकुट्ट काहीतरी बाहेर येतं. तो वाया गेलेला फोटो नाही, ते झाकण आहे. आणि पाकीट अर्धं संपलेलं असताना "किती उरले बघू" म्हणून दार उघडलंत तर वरचा फोटो गेला.

जुना ६०० किंवा एसएक्स-७० कॅमेरा कुणीतरी बाजारातून आणतं, आय-टाइपची, म्हणजे नव्या कॅमेऱ्यांसाठीची फिल्म घालतं आणि कॅमेरा मेलेला म्हणून परत द्यायला निघतं. मेलेला नसतो तो. त्या कॅमेऱ्यांची बॅटरी फिल्मच्या पाकिटात असते आणि आय-टाइपच्या पाकिटात बॅटरीच नसते. पाकिटावरचं नाव वाचा. एवढ्यावर मी एका मित्राचा कॅमेरा जिवंत केला आहे आणि त्यानं मिसळ खाऊ घातली आहे.

एखादा कोपरा कोराच राहतो, त्रिकोणी: पेस्ट तिथवर पोचली नाही. फिल्म जुनी असते, हवा गार असते किंवा रोलर घाण असतो. तयार झाल्यापासून वर्षाच्या आत फिल्म वापरावी, तारीख खोक्यावर असते. विमानप्रवासात फिल्म चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीतून न्या आणि शक्य तिथं हातानं तपासायला सांगा.

साय काढताना फाटते

आता मुख्य दुखणं. इमल्शन लिफ्ट, म्हणजे फोटोतला चित्राचा पातळ पापुद्रा पाण्यात सोडवून जाड कागदावर उतरवणं. आमच्या घरात याला 'साय काढणं' म्हणतात आणि हे नाव आईनं ठेवलं.

झालं असं की मी लागोपाठ तीन फोटो फाडले होते. पद्धत साधी आहे: कात्रीनं चारी बाजूंची पांढरी किनार कापायची, मागचा काळा पापुद्रा आणि समोरचा पारदर्शक पापुद्रा नखानं सावकाश वेगळे करायचे. चित्र पारदर्शक बाजूला राहतं, त्यावर पांढऱ्या पेस्टचा लेप असतो. हा तुकडा गरम पाण्यात ठेवायचा, चित्राच्या कडा सुटायला लागल्या की मऊ ब्रशनं ढकलत पूर्ण सोडवायचं, मग खालून कागद घालून झेलायचं. मी सगळं बरोबर करत होते आणि शेवटच्या क्षणी चित्र मधोमध चिरत होतं.

आई दूध झाकायला आली होती. दोन मिनिटं बघत उभी राहिली. "पाणी उकळतंय की काय तुझं? आणि ते ओढतेस कशाला? साय ओढली की फाटणारच. आधी गार होऊ द्यायचं, मग कडेकडेनं सोडवत एका बाजूला गोळा करायची."

दोन्ही चुका तिनं तिथल्या तिथं दाखवल्या. चित्राचा पापुद्रा जिलेटिनचा असतो. उकळत्याच्या जवळपासचं पाणी घातलं की जिलेटिन लिबलिबीत होतं, स्वतःचं वजनही पेलत नाही. इंटरनेटवर कडक गरम पाणी सांगणारे जुने सल्ले मिळतात, ते सोलून काढायच्या जुन्या फिल्मसाठी होते. आताच्या फिल्मला आंघोळीच्या पाण्याइतकं पुरे, हात बुडवून ठेवता आला पाहिजे. दुसरं, सोडवायचं गरम पाण्यात पण कागदावर घ्यायचं दुसऱ्या ताटातल्या गार पाण्यात. गार पाण्यात पापुद्रा जरा सावरतो. मी त्यासाठी पुरणाची मोठी परात वापरत होते. आता वेगळा प्लास्टिकचा ट्रे आणलाय. ही पेस्ट अल्कली आहे, हातमोजे घाला आणि यातलं एकही भांडं स्वयंपाकघरात परत जाऊ देऊ नका. परात गेली ती गेलीच.

पारदर्शक तुकड्यावरून चित्र निघताना ब्रश मध्यावर लावू नका. चारी कडांखाली थोडं थोडं पाणी शिरू द्या. पांढरा लेप पाण्यात दुधासारखा सुटतो. सगळा धुऊन काढलात तर चित्र काचेसारखं होतं आणि खालच्या कागदाचा रंग घेतं. थोडा ठेवलात तर चित्र भरीव दिसतं. मी चेहऱ्यामागे ठेवते, आकाशामागचा काढून टाकते. हे मात्र ज्याचं त्यानं बघावं.

मग तो क्षण, जिथं बहुतेक सगळे फसतात. पापुद्रा गार पाण्यात तरंगतोय, अंगावर घडी घालून गोळा झालाय, आणि तुमचा हात शिवशिवतोय. हात लावू नका. कागद (जलरंगाचा जाड, ३०० जीएसएमचा) तिरपा धरून पापुद्र्याखाली सरकवा. वरचा एक कोपरा कागदाला ब्रशच्या टोकानं टेकवून धरा आणि कागद तिरपाच, अगदी हळू, पाण्याबाहेर काढा. पाणी निथळताना स्वतःच पापुद्रा पसरवत खाली जातं. घडी पडली तर कागद पुन्हा अर्धा बुडवा, घडी पाण्यात सुटते. पाच वेळा बुडवा, पन्नास वेळा बुडवा. बोटानं घडी सरळ करायला गेलात की संपलं. चित्रातली पाटी उलटी वाचता येत असेल तर पापुद्रा पालथा पडलाय, पाण्यातच उलथवा.

फोटो ताजा असताना साय चांगली निघते. वर्ष-दोन वर्षं वाळलेल्या फोटोतला पापुद्रा कडक होतो आणि सुटताना तुकडे पडतात. म्हणून कुणी "आजोबांचा १९८० सालचा पोलरॉइड आहे, त्याची साय काढून दे" म्हणालं तर मी हात जोडते.

थोड्या घड्या राहिल्या, एक कडा फाटली, तर राहू द्या. लुकास समारास या कलाकारानं १९७० च्या दशकात एसएक्स-७० च्या ओल्या फोटोतले रंग वरून दाबून, सरकवून स्वतःचा चेहरा पार वाहून जाऊ दिला होता. तेव्हाच्या फिल्ममधला पापुद्रा बराच वेळ मऊ राहायचा म्हणून ते जमलं. आपल्याकडे आता ती फिल्म नाही, घड्या आहेत.

एक गोष्ट मात्र आषाढात करू नका, निदान कोकणात तरी. मी रत्नागिरीला मावशीकडे जुलैत दोन चित्रं काढून वाळत घातली. तीन दिवसांनी कागद वाकडा आणि चौथ्या दिवशी कडेला करडी बुरशी. जिलेटिन म्हणजे बुरशीला आयती पंगत. हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांवर गेली की ती पानावर येऊन बसते. राहिलेलं कसर खाते. एसीची खोली नसेल तर गणपती होऊ द्या, मग काढा.

आणि इतकं करून फोटो उडतो

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचं उत्तर लोकांना आवडत नाही. टांगून ठेवलेला झटपट फोटो उडणारच. रंग म्हणजे सेंद्रिय रेणू, ऊन त्यांना तोडतं. तुम्ही फक्त वेग ठरवू शकता. सावकाश हवा असेल तर पहिले काही आठवडे फोटो उघड्यावर पण उन्हाबाहेर वाळू द्या, आतली ओल पूर्ण जायला वेळ लागतो. लगेच प्लास्टिकच्या अल्बमात कोंबू नका. मग अंधारात, कोरड्या खोक्यात, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. महत्त्वाच्या फोटोचं पहिल्याच आठवड्यात स्कॅन करा. फ्रिजच्या दारावर चुंबकानं लावलेल्या फोटोची तक्रार माझ्याकडे आणू नका.

लहान मुलांच्या छापणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल: तो झटपट फोटो नाहीच, ती एटीएमच्या पावतीची बहीण. थर्मल कागद आहे, उष्णतेनं काळा होतो आणि ऊन, तेलकट बोटं, सॅनिटायझर, प्लास्टिकचं कव्हर यांनी पुसला जातो. पोरांना सांगून टाका आणि हवे ते फोटो त्याच दिवशी मोबाइलनं टिपून ठेवा.

उडण्याचा वेग आपणच ठरवायचा, तर मग तो कामालाही लावता येतो. सदाशिव पेठेतला आमचा वाडा रीडेव्हलपमेंटला गेला त्याआधी मी लाकडी जिन्याचा एक फोटो काढला होता. तो दक्षिणेच्या खिडकीच्या काचेवर लावला आणि वरून काळ्या कागदाची पट्टी ठेवली, वरच्या दोन पायऱ्या तेवढ्या उघड्या. दर अमावस्येला पट्टी एक बोट खाली सरकवते. तारीख लक्षात राहते म्हणून अमावस्या, बाकी काही नाही. आठ महिने झाले. सगळ्यात वरची पायरी आता फिक्या चहासारखी आहे, कठडा ओळखू येतो, कठड्याला टेकलेली सायकल येत नाही. पट्टीखाली सगळं अजून गडद आहे. मध्ये रंगाच्या सात पायऱ्या.

मागच्या रविवारी काका आले होते. तेच ते फोटो पाखडणारे. ते त्या जिन्यावरून पन्नास वर्षं चढले-उतरले आहेत. "याची कॉपी आहे ना तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर काही बोलले नाहीत. खिडकीपाशी जाऊन पट्टी थोडी उचलली, खाली बघितलं, आणि जिथं होती तिथंच परत ठेवली.

कुणाला करून बघायचं असेल तर: पट्टी काळ्या कार्डपेपरची घ्या, पांढऱ्यातून उजेड झिरपतो. चिकटपट्टी फोटोला लावू नका, काचेला लावा, नाहीतर सरकवताना वरचा थर निघून येईल. पावसाळ्यात खिडकीची ती बाजू गळते का, ते आधी बघा.